नोकरीचा अर्ज आणि आत्मस्तुतीचा प्रश्न

नोकरीच्या अर्जासोबत जोडायच्या पत्रात उमेदवाराला स्वतःबद्दल चांगले लिहावे लागते आणि ते खरेही असावे लागते. बायोडेटाचे तसे नसते. त्यात पदवी, वर्ष, टक्केवारी, मागच्या नोकऱ्या अशा नोंदी असतात आणि नोंद कोणाला बढाई वाटत नाही. कव्हर लेटरमध्ये मात्र या नोंदींची वाक्ये करायची असतात. अमुक केले आहे, अमुक येते, म्हणून हे काम मला द्यावे, असे एका अनोळखी माणसाला सांगायचे असते. आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये हे ज्या घरांत लहानपणीच कानावर पडते, तिथल्या उमेदवाराचा हात इथे अडखळतो. त्यामागे निव्वळ सरावाचा अभाव आहे असे समजणे चूक ठरेल. स्वतःची प्रशंसा करणे नीतीला धरून आहे का, आणि असेल तर कोणत्या अटींवर, हा जुना तात्त्विक प्रश्न आहे. जैन आणि बौद्ध आचार्यांनी, नैयायिकांनी, ग्रीक विचारवंतांनी त्याचा बारकाईने विचार केला आहे. पत्र परिणामकारक कसे करावे याच्या बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सूचना या प्रश्नाला बगल देतात. म्हणून त्या सगळ्या पाळूनही पत्र पोकळच राहते.

आत्मस्तुतीचा निषेध जवळजवळ सर्व परंपरांत आढळतो. रामदासस्वामींनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील पहिल्या समासात मूर्खाची लक्षणे दिली आहेत. त्यांत आपणच आपली स्तुती करणारा आहे आणि वाडवडिलांची कीर्ती सांगणाराही आहे. जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात, सहाव्या अध्यायात, नीच गोत्राच्या, म्हणजे हलक्या कुळात जन्म देणाऱ्या, कर्मबंधाची कारणे येतात: दुसऱ्याची निंदा, स्वतःची प्रशंसा, दुसऱ्याच्या असलेल्या गुणांवर पांघरूण घालणे आणि स्वतःचे नसलेले गुण उघड करणे. चीन-जपानच्या महायान परंपरेत प्रमाण मानल्या जाणाऱ्या ब्रह्मजालसूत्रातील दहा प्रमुख शीलांपैकी एक शील स्वतःची स्तुती करून इतरांना कमी लेखण्याविरुद्धच आहे.

महाभारताच्या कर्णपर्वातील प्रसंग यापेक्षा तीव्र आहे. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर शिबिरात परततो आणि अर्जुनाला टाकून बोलतो, गांडीव धनुष्य दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक म्हणतो. गांडीव दुसऱ्याला दे म्हणणाऱ्याचा वध करण्याची अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा असते. तो खड्ग उपसतो. श्रीकृष्ण वाट काढतो: वडीलधाऱ्याला अपमानाचे शब्द बोलणे हा त्याचा वधच होय, तेवढे केलेस की प्रतिज्ञा पुरी झाली. अर्जुन तसे करतो आणि पश्चात्तापाने स्वतःचा प्राण घ्यायला निघतो. तेव्हा कृष्ण दुसरा तोडगा सांगतो. आपले गुण आपल्याच मुखाने गा, म्हणजे तू स्वतःला मारल्यासारखेच होईल. मग अर्जुन आपल्या पराक्रमाचे मोठे वर्णन करतो. लक्षात घेण्याजोगे हे की त्याने सांगितलेले पराक्रम खोटे नसतात. तरीही महाभारतकार त्या बोलण्याला आत्मवधाच्या पंक्तीला बसवतात. म्हणजे आत्मस्तुतीतील दोष असत्यापुरता मर्यादित नाही, असे या परंपरेला म्हणायचे आहे.

मग तो दोष कशात आहे? तत्त्वार्थसूत्र आणि ब्रह्मजालसूत्र या दोन्हींनी आत्मप्रशंसेची परनिंदेशी जोडी लावली आहे, आणि उत्तराचा एक मोठा भाग या जोडीत सापडतो. स्तुती बहुधा तुलनेत होते. स्वतःला उंच दाखवायचे तर कोणाला तरी खाली धरावे लागते. इतर उमेदवारांपेक्षा आपण सरस आहोत असे जो पत्रात लिहितो, त्याने इतर उमेदवार पाहिलेले नसतात. त्याच्या वाक्याला आधार नसतो, आणि त्याने ज्यांना कमी लेखले त्यांना उत्तर देण्याची संधीही नसते. दुसरा दोष निवाड्याचा आहे. आपण किती चांगले हे ठरवणे आपल्याकडे नसते, ते दुसऱ्याने ठरवायचे असते. आत्मस्तुती करणारा दुसऱ्याच्या हातातला हा निवाडा काढून घेतो. पुढच्या विवेचनात हा दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा ठरेल.

उपजीविकेसाठी स्वतःची ओळख करून देणे हा प्रश्न प्राचीनांना अपरिचित नव्हता. भिक्षेवर जगणाऱ्या साधूपुढे तो रोज उभा असे. जैन मुनींच्या आहारविधीत भिक्षा मिळवण्याच्या रीतीतून उद्भवणारे सोळा दोष सांगितले आहेत. दिगंबरांच्या मूलाचारात आणि श्वेतांबरांच्या पिंडनिर्युक्तीत त्यांची तपशीलवार चर्चा येते. त्यांतला एक दोष ‘आजीव’: स्वतःची जात, कुळ, कला सांगून भिक्षा मिळवणे. आणखी दोन आहेत भिक्षेआधी आणि भिक्षेनंतर दात्याची केलेली स्तुती. आजच्या कव्हर लेटरचा ठरलेला आराखडा या तीन दोषांवर अलगद बसतो. पहिल्या परिच्छेदात कंपनीचे गुणगान, मधे स्वतःचे कूळ आणि कसब, शेवटी पुन्हा आभार आणि गौरव. मुनीला हे निषिद्ध आहे आणि उमेदवाराकडून त्याचीच अपेक्षा केली जाते.

विनयपिटकातील, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथातील, कथा याहून बोलकी आहे. वज्जी प्रदेशात दुष्काळ पडला होता, भिक्षा मिळेनाशी झाली होती. वग्गुमुदा नदीकाठी वर्षावासाला राहिलेल्या भिक्षूंनी पोट भरण्याची युक्ती काढली. गृहस्थांसमोर त्यांनी एकमेकांच्या आध्यात्मिक सिद्धींचे वर्णन सुरू केले: हा भिक्षू अमुक ध्यान मिळवलेला, तो तमुक पायरीला पोहोचलेला. गृहस्थ भारावले. स्वतः खाल्ले नाही, मुलाबाळांना दिले नाही, ते यांच्या पात्रात घातले. वर्षावास संपल्यावर सगळीकडचे भिक्षू बुद्धांच्या भेटीला वैशालीला आले. ते खंगलेले होते, वग्गुमुदेचे मात्र तुकतुकीत. बुद्धांनी विचारले, या सिद्धी खऱ्या होत्या का? त्या खऱ्या नव्हत्या. बुद्धांनी त्यांना कठोर शब्दांत दोष दिला आणि खोटी सिद्धी सांगणाऱ्या भिक्षूला महाचोर म्हटले, कारण असा माणूस देशाची भिक्षा चोरून खातो. मग नियम झाला: नसलेली अलौकिक अवस्था आपली म्हणून सांगणारा भिक्षू संघातून कायमचा बाहेर. भिक्षूच्या हातून घडू शकणाऱ्या चार सर्वांत मोठ्या अपराधांपैकी हा चौथा आहे.

या कथेतून तीन गोष्टी निघतात आणि तिन्ही नोकरीच्या अर्जाला लागू पडतात. पहिली, खोटा दावा ही चोरी आहे. भुकेल्या मुलांचा घास दुसऱ्या पात्रात गेला. खोट्या अनुभवावर मिळवलेली जागासुद्धा कोणाची तरी असते. त्या उमेदवाराचे नाव खोटे लिहिणाऱ्याला कधी कळतही नाही, म्हणून त्याला चोरी केल्यासारखे वाटत नाही. दुसरी, नियमात एक अपवाद आहे, अधिमानाचा. काही भिक्षूंनी प्रामाणिकपणे स्वतःला अर्हत, म्हणजे मुक्त झालेला, समजून तसे सांगितले होते आणि पुढे आपली समजूत चुकल्याचे त्यांना कळले. अशा चुकीच्या आत्ममूल्यमापनाला हा अपराध लागू होत नाही. स्वतःला जास्त लेखणे आणि खोटे बोलणे यांतला भेद इतक्या स्पष्टपणे फार थोड्या नीतिग्रंथांनी केला आहे. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. विनयपिटकात आणखी एक नियम आहे, त्यानुसार खरी सिद्धीसुद्धा संघाबाहेरच्या माणसाला सांगणे हा दोष आहे. तो हलका असला तरी दोषच. सत्य असूनही ते पोटासाठी वापरले, ही त्यातली हरकत आहे.

तर मग प्रत्येक कव्हर लेटर दोषी ठरते का? तसे म्हणता येत नाही, आणि कारण दोन नात्यांच्या फरकात आहे. भिक्षू दात्याला काही विकत नसतो. त्याचे ध्यान दात्याच्या शेतात राबायला येणार नसते. सिद्धी सांगून भिक्षा घेणे म्हणजे जिची किंमत लावता येत नाही तिची किंमत वसूल करणे. नोकरीत मात्र ज्या कौशल्याचा उल्लेख होतो तेच कौशल्य पुढे कामाला येणार असते. हिशेब ठेवण्यासाठी माणूस हवा आहे आणि समोरच्याला हिशेब येतो की नाही हे मालकाला कळायला हवे. इथे गुण सांगणे ही माहिती आहे. ती दडवली तर मालकाचेही नुकसान होते. साधकाची नीती गृहस्थाला जशीच्या तशी लावली की गोंधळ उडतो, आणि मराठी घरांत हा गोंधळ पुष्कळदा झालेला दिसतो. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अमानित्वाचे, म्हणजे मानाची इच्छा नसण्याचे, वर्णन आहे: बृहस्पतीसारखी सर्वज्ञता असूनही असा पुरुष मोठेपणाच्या भयाने वेडेपणात दडून राहतो. ते ज्ञानी पुरुषाचे लक्षण म्हणून अपूर्व आहे. पण कुटुंबाचे पोट ज्याच्या हातावर आहे त्याने अर्जात वेड पांघरावे, असे ज्ञानेश्वरांना सुचवायचे नव्हते.

अरिस्टॉटलची दृष्टी पहिल्यापासून नागरिकाची, गृहस्थाची आहे. निकोमेकियन एथिक्सच्या चौथ्या भागात त्याने स्वतःविषयीचा खरेपणा हा एक स्वतंत्र सद्गुण मानला आणि तो दोन टोकांच्या मधे बसवला. एका टोकाला बढाईखोर, दुसऱ्या टोकाला स्वतःला कमी करून सांगणारा. खरा माणूस थोडे कमी सांगण्याकडे झुकतो, कारण अतिशयोक्ती कानाला खुपते, असेही तो म्हणतो. त्याचे पुढचे निरीक्षण आजच्या अर्जांसाठी फार मोलाचे आहे. निव्वळ हौसेने फुशारकी मारणारा पोकळ असतो. कीर्तीसाठी मारणारा तितकासा निंद्य नसतो. पैशासाठी मारणारा सर्वांत कुरूप. आणि पैशासाठी फुशारकी मारणारे कोणते गुण निवडतात? जे लोकांना हवेसे असतात आणि ज्यांचा अभाव चटकन पकडता येत नाही. त्याची उदाहरणे भविष्यवेत्ता, ज्ञानी आणि वैद्य यांची आहेत. आजच्या अर्जांतही हाच प्रकार दिसतो. नेतृत्वगुण, सकारात्मक दृष्टिकोन, संघभावना, दबावाखाली काम करण्याची क्षमता हे शब्द पत्रापत्रांतून सारखेच का येतात याचे कारण अरिस्टॉटलने सांगून ठेवले आहे. ते सर्वांना हवे असतात आणि नाहीत असे कोणी सिद्ध करू शकत नाही.

पुढे प्लुटार्कने स्वतःची प्रशंसा इतरांना न दुखवता कशी करावी यावर स्वतंत्र निबंधच लिहिला. खोट्या आरोपाला उत्तर देताना, अन्याय झाला असताना, स्वतःचे गुण सांगणे त्याला क्षम्य वाटते. पण त्याच्या पुष्कळ युक्त्या श्रोत्याला न खुपण्याच्या आहेत. बोलणे खरे आहे हे श्रोत्याने कसे ओळखावे, याचे उत्तर तिथे मिळत नाही.

ते न्यायदर्शनात मिळते. नैयायिकांनी शब्द, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यातून मिळणारे ज्ञान, हे प्रमाण मानले, पण बोलणारा आप्त असेल तरच. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनाने आप्ताचे वर्णन केले आहे: ज्याने ती वस्तू स्वतः साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे, असेही तो लगेच सांगतो. विश्वासार्हता जन्मावर ठरत नाही, जाणण्यावर आणि सांगण्याच्या इच्छेवर ठरते.

या कसोटीवर उमेदवाराची स्थिती विलक्षण आहे. त्याच्या कामाविषयी त्याच्याइतके साक्षात ज्ञान कोणालाच नसते. पहिली अट तो सर्वांहून चांगली पुरी करतो. दुसऱ्या अटीबद्दल मात्र शंका राहते, कारण पक्षकार आणि साक्षीदार एकच आहेत. यावर उपाय एकच. जे स्वतः पाहिले, केले, तेवढेच सांगायचे, आणि अशा रीतीने सांगायचे की ऐकणाऱ्याला ते तपासता यावे. गुणाचा निवाडा वाचकाकडे सोपवायचा, त्याच्या हाती फक्त पुरावा द्यायचा. आत्मस्तुतीचा वर सांगितलेला दुसरा दोष इथे गळून पडतो.

एक साधे उदाहरण घेता येईल. तालुक्याच्या गावी पतसंस्थेत काही वर्षे काम केलेला एक लिपिक जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या संस्थेत लेखापालाच्या जागेसाठी अर्ज करतो आहे. त्याच्या पत्रात वाक्य आहे: ‘मी अत्यंत मेहनती, प्रामाणिक व जबाबदारीने काम करणारा असून कोणतेही काम स्वीकारण्याची माझी तयारी आहे.’ हे वाक्य खरे असू शकते, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. खोटारड्या माणसानेही अक्षरशः हेच लिहिले असते. आता दुसरे वाक्य: ‘संस्थेचे खातेवह्यांतील हिशेब संगणकावर आणताना तीन वर्षांच्या नोंदी मी मूळ पावत्यांशी ताडून पाहिल्या. जुळत नसलेल्या खात्यांची यादी करून व्यवस्थापकांना दिली आणि लेखापरीक्षणाआधी ती खाती जुळवून घेतली.’ इथे मेहनत, प्रामाणिकपणा, जबाबदारी यांतला एकही शब्द नाही. पण वाचणारा लेखाप्रमुख हे तिन्ही गुण स्वतः ताडतो, आणि शंका वाटली तर विचारूही शकतो की किती खाती जुळली नाहीत, कोणत्या कारणाने. पहिल्या वाक्यात विशेषणे आहेत, दुसऱ्यात क्रियापदे. पत्र परिणामकारक होते ते इथेच, आणि समाधानाची गोष्ट अशी की ते नीतीलाही धरून होते ते इथेच.

विशेषणे लावायचीच असतील तर ती दुसऱ्याने लावावीत, ही शिफारसपत्राची मूळ कल्पना. आपल्याकडे शिफारस म्हटले की वशिला आठवतो, आणि तसा अनुभव लोकांनी घेतलेला असल्याने त्यात नवल नाही. पण काम प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाने लिहिलेले चार शब्द म्हणजे दुसऱ्या आप्ताची साक्ष असते. वशिल्यात साक्ष नसते, नुसते वजन असते.

गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांची दोन पत्रे या सगळ्या चर्चेला कसोटीसारखी लावून पाहता येतात. पहिले ९ फेब्रुवारी १९१२ चे. मद्रास पोर्ट ट्रस्टच्या मुख्य लेखापालाकडे कारकुनाच्या जागेसाठी केलेला तो अर्ज अगदी छोटा आहे. मॅट्रिक उत्तीर्ण असल्याचे, एफ.ए.पर्यंत (मॅट्रिकनंतरच्या महाविद्यालयीन परीक्षेपर्यंत) शिकल्याचे त्यात आहे. काही प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढे शिकता आले नाही, मात्र सगळा वेळ गणितात घालवत आलो आहे, आणि नेमणूक झाल्यास कामाला न्याय देऊ शकू असा विश्वास आहे, एवढेच. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र होते. असामान्य बुद्धिमत्तेविषयीचे शब्द त्या पत्रात आहेत, अर्जात नाहीत. जागा मिळाली, महिना ३० रुपये पगारावर.

या अर्जातील ‘प्रतिकूल परिस्थिती’ म्हणजे काय, हे पाहण्यासारखे आहे. गरिबी आणि आजारपण होतेच, पण गणिताखेरीज इतर विषयांत नापास झाल्याने एफ.ए. पुरे झाले नव्हते, हेही त्यात होते. रामानुजन यांनी ते लिहिले नाही. हे असत्य ठरते का? जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९२ मध्ये मारिया फॉन हर्बर्ट या तरुणीला लिहिलेल्या पत्रात मनातले सगळे उघड न करणे आणि अप्रामाणिकपणा यांत भेद केला आहे. सर्व काही सांगावे असे बंधन माणसावर नाही, पण जे सांगितले जाईल ते खोटे नसावे. रामानुजन एफ.ए.पर्यंत शिकले म्हणतात, उत्तीर्ण म्हणत नाहीत. रेषा त्यांनी बरोबर जागी ओढली आहे. मात्र गप्प राहण्याचा हा हक्क प्रश्न थेट विचारला गेला की संपतो. सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात हाच विचार कायद्याच्या भाषेत मांडला: नोकरीच्या प्रपत्रात विचारलेली माहिती खरी द्यावी, दडवू नये. पण दडवलेली गोष्ट क्षुल्लक असेल, तर मालकाने उमेदवाराला सरसकट बाद न करता तिचे स्वरूप पाहावे.

दुसरे पत्र १६ जानेवारी १९१३ चे, केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना. ओळख तीच: पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातील कारकून, वर्षाला अवघा २० पौंड पगार. विद्यापीठाचे शिक्षण नाही, हे इथे स्पष्ट सांगितले आहे. मग पानामागून पान प्रमेये. स्वतःच्या बुद्धीबद्दल सांगण्यासारखे जे होते ते त्या सूत्रांनीच सांगितले. हार्डींनी ती सहकारी लिटलवुड यांच्यासोबत तपासली. काही आधीच ज्ञात होती, काही कोणी कधी पाहिली नव्हती. काही चुकीचीही होती: मूळ संख्यांविषयी रामानुजन यांनी जो दावा केला तो टिकला नाही. विनयपिटकाच्या भाषेत हा अधिमान होता. त्यांचा त्यावर विश्वास होता, फसवण्याचा हेतू नव्हता. ८ फेब्रुवारीला हार्डींचे उत्तर निघाले आणि त्यात सिद्धता मागितल्या होत्या. एका चुकीने बाकीची पाने निरर्थक ठरली नाहीत, कारण प्रत्येक विधान स्वतंत्रपणे तपासता येत होते. सगळे पत्र विशेषणांचे असते आणि त्यातले एक खोटे निघाले असते, तर माणूसच खोटा ठरला असता.

लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याला १४८२ च्या सुमारास लिहिलेले पत्र वेगळ्या जातीचे आहे. त्याचा मसुदा कोडेक्स अटलांटिकस या त्याच्या कागदपत्रांच्या संग्रहात आहे, तोही लिओनार्दोच्या हस्ताक्षरातला नाही. हलके, उचलून नेता येणारे पूल, तटबंदी फोडण्याच्या रीती, तोफा, चिलखती गाड्या अशी युद्धकौशल्ये क्रमाने मांडली आहेत. चित्रकला आणि शिल्पकला शेवटी, जवळजवळ जाता जाता. मिलान लढायांत गुंतले होते, म्हणून क्रम असा लावला. वाचकाची गरज ओळखून लिहिण्याचा हा उत्तम नमुना म्हणता येईल. पण नैतिक दृष्टीने पेच आहे: ही बहुतेक यंत्रे तोवर बांधली गेली नव्हती. ‘मी केले’ आणि ‘मी करू शकतो’ ही दोन वेगळ्या प्रकारची विधाने आहेत. पहिले साक्ष आहे, दुसरे वचन. वचनाला पुरावा देता येत नाही, परीक्षा देता येते, आणि लिओनार्दोने ते जाणले होते. शंका असल्यास आपल्या उद्यानात किंवा म्हणाल तिथे प्रयोग करून दाखवतो, असे पत्राच्या शेवटी त्याने लिहिले. स्फोर्झाच्या वडिलांच्या स्मरणार्थ ब्राँझचा घोडा घडवण्याची तयारीही त्यात होती. त्याची मातीची प्रतिकृती १४९३ मध्ये उभी राहिली, पण ओतकामाचे ब्राँझ पुढच्या वर्षी तोफांसाठी गेले. सगळी वचने पुरी होत नाहीत. ज्या वचनासोबत परीक्षेची तयारी असते त्याला फसवणूक म्हणता येत नाही.

कमी सांगण्याच्या टोकाकडेही पाहिले पाहिजे, कारण मराठी उमेदवार अधिक वेळा तिकडे घसरतो. ‘मला फारसा अनुभव नाही, तरी संधी दिल्यास उपकार होतील’ असे लिहिण्यात विनय आहे असे वाटते. कांटने १७९७ च्या ग्रंथात स्वतःविषयीच्या कर्तव्यांची चर्चा करताना खोटे बोलणे आणि खोटी नम्रता यांना एकाच रांगेत उभे केले. दुसऱ्याची मर्जी मिळवण्यासाठी स्वतःचे मोल मुद्दाम कमी करणे हे त्याच्या मते माणूसपणाचा अपमान करणे आहे. दात्याची आगाऊ स्तुतीही याच जातीची. जाहिरातीतली वाक्ये उचलून ‘आपल्या नामांकित संस्थेत’ असे लिहिले की मालक सुखावतो असे उमेदवाराला वाटते. त्या संस्थेचे एखादे काम खरोखर माहीत असेल आणि अर्जाशी त्याचा संबंध असेल तर ते लिहावे. नाहीतर तो मूलाचारातला दोषच आहे, आणि वाचणाऱ्यालाही तो ओळखू येतो.

इथपर्यंत वाचणारा न्यायी आहे असे गृहीत धरले आहे. पण नेहमी तसे नसते. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या वर्तमानपत्री जाहिरातींना अर्ज पाठवून एक अभ्यास केला, तो २००७ मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत प्रसिद्ध झाला. पात्रता सारखी, नावे वेगळी: उच्चवर्णीय हिंदू, दलित, मुस्लिम. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत पुढच्या फेरीला बोलावणे येण्याचे संभाव्यता-गुणोत्तर दलित नावासाठी ०.६७ आणि मुस्लिम नावासाठी ०.३३ निघाले. वात्स्यायनाने आप्ताच्या लक्षणातून जन्म काढून टाकला होता. अर्ज वाचणाऱ्यांनी तो परत आत घेतला. मुनीला जात सांगून भिक्षा घेणे निषिद्ध होते, इथे आडनाव स्वतःच जात सांगते, उमेदवाराने तोंड उघडण्याआधी.

अशा वाचकापुढे सत्याचे कर्तव्य किती उरते, हा या विषयातला सर्वांत कठीण भाग आहे. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू व्हायला आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी सराईत तिथल्या रखवालदाराच्या संमतीने त्यांना पारशी नावाने नोंद करावी लागली, आणि काही दिवसांनी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये त्यांनी हे लिहून ठेवले आहे. या नोंदीला असत्य म्हणणारा नीतिविचार अपुरा आहे. पदाशी ज्या माहितीचा काही संबंध नाही आणि जी फक्त डावलण्यासाठी वापरली जाणार आहे, ती मिळवण्याचा वाचकाला हक्कच नाही. म्हणून अर्जात आडनाव गाळणे, आद्याक्षरे लिहिणे, गावाचा वा वस्तीचा पत्ता न देणे यांत दोष शोधू नये. दोष वाचण्याच्या रीतीत आहे, आणि पहिल्या चाळणीत नावे झाकून अर्ज वाचणे हे काम संस्थेचे आहे.

शेवटचा प्रश्न उसन्या शब्दांचा. आता पत्रे अनेकदा संगणकाकडून लिहून घेतली जातात आणि त्यांत कधी कधी उमेदवाराचे स्वतःचे वाक्य एकही नसते. भाषा उसनी असणे हा मात्र नवा प्रकार नाही. कचेऱ्यांच्या आवारात टाइपरायटर घेऊन बसणारे अर्जनवीस पिढ्यान्‌पिढ्या इतरांचे अर्ज लिहीत आले, आणि त्या अर्जांना कोणी खोटे म्हटले नाही. अर्जदाराला काय म्हणायचे आहे ते त्याच्याकडून ऐकून अर्जनवीस लिहीत असे. यंत्राला मात्र न ऐकताही लिहिता येते. नसलेला अनुभव, न केलेले प्रकल्प, न वाटलेला उत्साह ते सहज भरून टाकते, आणि उमेदवार ते न वाचता पाठवतो. मुलाखतीत त्याच ओळीवर बोट ठेवून विचारले की उत्तर सुचत नाही. जुन्या दस्तांत सही किंवा अंगठ्याच्या वर एक ओळ असे: मजकूर वाचून दाखवला, तो समजला, बरोबर आहे. यंत्राने लिहिलेल्या पत्रालाही हीच रीत लावता येते. प्रत्येक वाक्य वाचायचे, ते आपण केलेल्या कामाशी ताडायचे आणि ज्याचा जाब देता येणार नाही ते काढून टाकायचे. असे केल्यावर पत्र बहुधा निम्मे उरते, आणि ते निम्मे पाठवण्याजोगे असते.